कंपनी गेली, क्लब राहिला: मोडेनाच्या पुरुष व्हॉलीबॉल क्लबची गोष्ट

प्रश्न असा आहे: "सर, मी डोंबिवलीत कॉलेजच्या संघातून खेळतो, सेटर (स्मॅशरला बॉल वर लावून देणारा) आहे. २०२५ च्या प्राइम व्हॉलीबॉल लीगच्या फायनलला मुंबई मीटिअर्स हरली, तेव्हापासून एक विचार डोक्यात आहे. एवढं मोठं शहर असून आपला एक नाव घेण्यासारखा क्लब का नाही? तुम्ही प्रॅक्टिसला नेहमी इटलीतल्या मोडेनाचं नाव घेता. त्या क्लबचा इतिहास आणि कामगिरी नीट सांगाल का?"

सांगतो, पण तुला निरोपाच्या दोन ओळींत उत्तर हवं असेल तर ते मला जमणार नाही. गेली तीसेक वर्षं परळ-लालबागच्या मातीच्या कोर्टांवर पोरं शिकवतोय आणि या एका क्लबचा अभ्यास त्याहून जुना आहे.

आधी आकडे, म्हणजे ते एकदाचे मागे पडतील. इटलीची लीग बारा वेळा: १९७०, १९७२, १९७४, १९७६, मग १९८६ ते १९८९ सलग चार, पुढे १९९५, १९९७, २००२ आणि २०१६. इटालियन कपही बारा. युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, म्हणजे युरोपियन कप, जिला आता चॅम्पियन्स लीग म्हणतात, ती चार वेळा: १९९०, आणि १९९६, १९९७, १९९८ अशी हॅटट्रिक. २०२३ मध्ये युरोपातलीच त्याखालोखालची स्पर्धा, सीईव्ही कप. इटलीत लीग जिंकणाऱ्या संघाला पुढच्या हंगामात जर्सीवर तिरंगी ढालीचा छोटा बिल्ला लावायला मिळतो, त्याला स्कुदेत्तो म्हणतात. मोडेनातली माणसं "आमचे बारा स्कुदेत्तो" असं बोलतात, आपल्याकडे घरातल्या थोरल्या-धाकट्यांची नावं सांगावीत तसं.

आता शहर बघ. मोडेनाची वस्ती पावणेदोन-दोन लाखांच्या घरात. एकट्या कुर्ल्याच्या वॉर्डात त्याच्या कितीतरी पट माणसं राहतात. फेरारीचं मारानेल्लो तिथून हाकेच्या अंतरावर आणि गायक पावारोत्ती याच गावचा. अशा गावात व्हॉलीबॉल मोठा झाला याचं कारण शोधायला गेलं की आपण एका वर्तमानपत्राच्या स्टॉलवर जाऊन पोचतो.

पनिनी कुटुंब १९४५ पासून मोडेनाच्या चौकाजवळ वर्तमानपत्रं विकायचं. १९६१ मध्ये त्या भावांनी फुटबॉलपटूंची चित्रं पाकिटात घालून विकायला सुरुवात केली. मुलांनी ती गोळा करून अल्बममध्ये चिकटवायची. आज जगभर वर्ल्ड कपच्या वेळी पनिनीचे स्टिकर अल्बम निघतात, तेच हे. त्या भावांतला थोरला जुझेप्पे. धंदा फुटबॉलच्या चित्रांवर, पण जीव व्हॉलीबॉलवर. १९६६ मध्ये त्याने कंपनीचं क्रीडा मंडळ काढलं, ग्रुप्पो स्पोर्तिव्हो पनिनी. आजचा मोडेना व्हॉली हा त्याच मुळाचा.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घे. पनिनीने ओसाड जमिनीत झाड लावलं नाही. त्याच्या आधीही आविआ पेर्विया, मिनेल्ली अशा मोडेनाच्या संघांनी इटलीची लीग जिंकली होती. गल्लीगल्लीत खेळ होता, खेळ कळणारे प्रेक्षक होते. पनिनीने त्या पाण्याला पाट काढून दिला. आपल्याकडे उलटं समजतात: पैसेवाला आला की खेळ येईल. खेळ आधी असावा लागतो.

सत्तरच्या दशकातल्या यशामागे प्रशिक्षक होता फ्रांको अँडर्लिनी. त्याच्या नावाची व्हॉलीबॉल शाळा मोडेनात १९८५ पासून आहे आणि लहान मुलामुलींना आजही तिथे खेळ शिकवतात. परदेशी क्लबांबद्दल बोलताना आपण स्टार खेळाडूंची नावं घेतो, पण मला विचारशील तर मोडेनाच्या इतिहासात ही शाळा कुठल्याही एका कपापेक्षा मोठी आहे. दहा-बारा वर्षांची पोरं दर आठवड्याला एकाच पद्धतीने शिकतात, त्यांचे पालक गॅलरीत बसतात, आणि त्यातली जी पुढे खेळाडू होत नाहीत ती प्रेक्षक होतात. खेळ ओळखणारा प्रेक्षक लहानपणीच तयार होतो.

आता १९८५. या वर्षात दोन गोष्टी घडल्या. पाच हजारांच्या आसपास माणसं बसतील असं इनडोअर स्टेडियम मोडेनात उभं राहिलं. त्याला आता जुझेप्पे पनिनीचं नाव आहे, लोक नुसतं 'पालापनिनी' म्हणतात. आणि हुलिओ वेलास्को नावाचा तेहेतीस वर्षांचा अर्जेंटिनी प्रशिक्षक आला. ला प्लाता शहरातला, तत्त्वज्ञान शिकलेला. इटलीत येऊन खालच्या डिव्हिजनमध्ये येझी नावाच्या छोट्या गावच्या संघाला दोन वर्षं शिकवत होता. मोठं नाव नव्हतं. पनिनीने त्याला आणलं आणि त्याने चार वर्षांत चार लीग जिंकून दिल्या.

त्या संघाबद्दल मी तासभर बोलू शकतो, कारण आमच्या पिढीने खेळ त्यांच्याकडून उचलला. कॅप्टन फ्रांको बेर्तोली. स्मॅश एवढा जड की त्याला 'दगडी हात' म्हणायचे. मध्ये आंद्रेआ लुकेत्ता, वर सपाट कापलेले केस, नेटवर सतत बडबड. बाहेरून लुका कांतागाल्ली. बॉल वाटणारा फाबिओ वुल्लो. आणि एक कोवळा पोरगा, लोरेंझो बेर्नार्दी.

बेर्नार्दीची गोष्ट खास तुझ्यासाठी. तो मोडेनाला आला तेव्हा तुझ्यासारखाच सेटर होता. आमच्या वेळी आम्ही लिफ्टर म्हणायचो. वेलास्कोने त्याला बाहेरच्या बाजूला स्मॅशर म्हणून उभं केलं. २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय फेडरेशनने शतकातले सर्वोत्तम खेळाडू निवडले तेव्हा अमेरिकेच्या कार्च किराय याच्या बरोबरीने बेर्नार्दीचं नाव होतं. सेटरचे हात असलेला माणूस स्मॅशर झाला की काय होतं ते बघ: पहिला बॉल वाईट गेला तरी दुसरा तो स्वतः देऊ शकतो, आणि त्याच्याकडे आलेली वाकडी लिफ्ट त्याला आधीच वाचता येते, कारण ती का वाकडी झाली हे त्याच्या बोटांना ठाऊक असतं. म्हणून मी तुम्हा सगळ्यांना, उंच पोरांनासुद्धा, रोज वीस मिनिटं भिंतीवर बोटांनी बॉल मारायला लावतो. तुम्हाला ती शिक्षा वाटते. ती बेर्नार्दीकडून आलेली आहे.

वेलास्कोची दुसरी शिकवण सबबींबद्दलची. तो म्हणायचा त्याचा मथितार्थ असा: स्मॅश बाहेर गेला की स्मॅशर सेटरकडे बघतो. सेटर रिसिव्ह करणाऱ्याकडे बघतो. रिसिव्ह करणारा वर बघतो, दिवा डोळ्यात गेला म्हणून. म्हणजे मॅच हरण्याचं खापर शेवटी वायरमनवर. आणि त्याचा उपाय साधा होता: स्मॅशरने लिफ्टची चर्चा करायची नाही, आलेल्या बॉलचं काहीतरी करून दाखवायचं. आपल्या कोर्टवर हे रोज घडतं. माती ओली होती, नेट सैल होतं, फेरीवाल्याच्या गाडीचा हॉर्न वाजला. तू परवाच्या मॅचला तिसऱ्या सेटमध्ये मागे वळून लिबेरोकडे (फक्त मागे राहून बचाव करणाऱ्या खेळाडूकडे) हात केलास ते मी पाहिलं, म्हणून हे इथे लिहितोय.

हे यश आजच्या मोजमापात नीट कळत नाही, कारण तेव्हा नियम वेगळे होते. फक्त सर्व्हिस करणाऱ्या संघालाच पॉइंट मिळायचा. समोरच्याने रॅली जिंकली तर त्याला नुसती सर्व्हिस मिळायची. एका पॉइंटसाठी सर्व्हिस पाच-सहा वेळा इकडून तिकडे जायची, मॅच तीन-तीन तास चालायची. लिबेरो नव्हता, तो १९९८ मध्ये आला, आणि प्रत्येक रॅलीला पॉइंट देण्याची पद्धत त्याच सुमारास लागू झाली. जुन्या पद्धतीत रिसिव्ह आणि पहिला हल्ला हाच सगळा श्वास होता. अमेरिकेने १९८४ च्या ऑलिंपिकला दोघांनीच रिसिव्ह करायची पद्धत दाखवली आणि बाकी जग तिच्या मागे लागलं. मोडेनाने हे क्लबच्या पातळीवर, आठवड्याला मॅच खेळत, कामाच्या शिस्तीत बसवलं. प्रत्येकाला नेमकं काम, प्रत्येक स्मॅशची नोंद.

१९८९ मध्ये वेलास्को राष्ट्रीय संघाकडे गेला. त्याच वर्षी इटली युरोप जिंकली, १९९० मध्ये ब्राझीलला जाऊन वर्ल्ड चॅम्पियन झाली. सेमीफायनलला रिओच्या भरलेल्या स्टेडियममध्ये ब्राझीलला पाच सेटमध्ये हरवलं, फायनलला क्यूबाला. कॅप्टन लुकेत्ता, सोबत बेर्नार्दी आणि कांतागाल्ली. एका छोट्या शहराच्या क्लबचा कणा देशाच्या संघात गेला होता. (वेलास्को नंतर दोनदा मोडेनाला परत आला, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला इटलीच्या महिला संघाला सुवर्ण मिळवून दिलं तेव्हा तो बहात्तर वर्षांचा होता.)

आता मुद्द्याचं. १९८८ मध्ये पनिनी कुटुंबाने स्टिकरची कंपनी ब्रिटिश उद्योगपती रॉबर्ट मॅक्सवेलच्या समूहाला विकली. जर्सीवरचं नाव बदललं, फिलिप्स झालं. माझ्या माहितीतल्या बहुतेक क्लबांची गोष्ट इथेच संपते. आजूबाजूला बघ. मोडेनाहून शंभरएक किलोमीटरवर रावेन्ना. बड्या औद्योगिक घराण्याच्या पैशावर १९९१ ची लीग आणि १९९२ ते १९९४ असे सलग तीन युरोपियन कप. ते घराणं कोसळलं आणि तो सुवर्णकाळही आटोपला. त्रेव्हीझो: मागे कपड्यांची बेनेटन कंपनी. नऊ लीग, चार युरोपियन कप. बेर्नार्दी मोडेना सोडून तिथेच गेला होता. बेनेटनने अंग काढून घेतलं आणि २०१२ नंतर तो संघ वरच्या लीगमध्ये दिसला नाही. नऊ वेळा देश जिंकलेला क्लब एका कंपनीच्या निर्णयाने संपला!

मोडेना मात्र १९९० मध्ये, कंपनी गेल्यावर, आपला पहिला युरोपियन कप जिंकली. पुढे जर्सीवर दायतोना आलं, कासा मोडेना आलं, चिमोने, अझिमुट, लिओ शूज, वाल्सा ग्रुप. वीसेक वर्षांचा चाहता असेल तर त्याच्या कपाटात पाच-सहा नावांच्या जर्सी असतील. संघ पिवळाच, स्टेडियम तेच. १९९६ मध्ये पार्माहून आंद्रेआ जानी आला. पार्मा म्हणजे मोडेनाचा जुना वैरी, अंतर साधारण मुंबई ते पनवेल-खोपोलीच्या दरम्यानचं. जानी इटलीकडून सर्वाधिक, ४७४ सामने खेळलेला माणूस. तो २००७ मध्ये निवृत्त होईपर्यंत मोडेनातच राहिला, नंतर तिथे प्रशिक्षकही झाला. पॅरिसला फ्रान्सच्या पुरुष संघाने सुवर्ण घेतलं तेव्हा बाकावर तोच होता.

२००२ नंतर चौदा वर्षं लीग आली नाही. हा काळ मला जिंकलेल्या वर्षांइतकाच महत्त्वाचा वाटतो. मालक बदलले, पैशाची ओढाताण झाली, ब्राझीलच्या रिकार्दोसारखा जगातला पहिल्या दोनातला सेटर असूनही लीग हुकली. प्रेक्षक येत राहिले. मग कातिया पेद्रिनी अध्यक्ष असताना, प्रशिक्षक आंजेलो लोरेंझेत्तीच्या हाताखाली २०१५-१६ चा हंगाम आला: सुपर कप, इटालियन कप आणि लीग, तिन्ही एकाच वर्षी. फायनलच्या मालिकेत पेरुजाला ३-० हरवलं. सेटर ब्रुनो रेझेंदे, बाहेरून फ्रान्सचा अर्विन एनगापेत. एनगापेत पाठमोरा हवेत असताना बॉल मारतो ते तुम्ही मोबाइलवर बघता आणि प्रॅक्टिसला तेच करायला जाता. त्याआधी ब्रुनोची लिफ्ट बघा. ब्लॉकवाल्याचे पाय हलले नाहीत म्हणून एनगापेतला ती चैन परवडते. सेटर म्हणून तू स्मॅशरचा पराक्रम बघू नकोस, त्याच्या समोर ब्लॉकला किती जण आहेत ते मोज. दोन असतील तर तुझं काम अर्धं झालं, एकच असेल तर पूर्ण.

डिसेंबर २०२३ मध्ये पुरुषांची क्लब वर्ल्ड चॅम्पियनशिप बंगळूरला झाली. आम्ही चौघं उद्यान एक्सप्रेसने गेलो होतो. यजमान म्हणून आपला अहमदाबाद डिफेंडर्स खेळला, कप पेरुजाने घेतला, फायनलला ब्राझीलच्या मिनासवर ३-०. पेरुजाच्या बाकावर प्रशिक्षक लोरेंझेत्ती. वॉर्म-अपला तो बॉलला हातही न लावता सेटरच्या मागे उभा राहून नुसता बघत होता. मी मॅचपेक्षा जास्त वेळ त्याच्याकडे बघत बसलो.

तू विचारशील, मग इटलीतलंच त्रेंतो का नाही, रशियातलं कझान का नाही? त्रेंतोने पाच वेळा क्लब वर्ल्ड कप जिंकलाय, मोडेनाने एकदाही नाही. मॉस्कोच्या सीएसकेएकडे तेरा युरोपियन कप आहेत. ते थोरच आहेत. पण सीएसकेए सैन्याचा संघ होता, देशभरातले उत्तम खेळाडू त्याच्याकडे ओढले जायचे. तुझा प्रश्न शहराचा आहे, म्हणून उत्तर मोडेना.

आता मुंबई. २०१९ च्या प्रो व्हॉलीबॉल लीगमध्ये यू मुंबा व्हॉली होता, सेमीफायनलला कालिकतकडून हरला. मॅचेस कोची आणि चेन्नईला. प्राइम व्हॉलीबॉल लीग २०२२ मध्ये सुरू झाली, मुंबई मीटिअर्स २०२३ मध्ये आठवा संघ म्हणून आला. त्या वर्षी मॅचेस बंगळूर, हैदराबाद, कोची. २०२४ ला चेन्नई. २०२५ ला हैदराबाद, आणि तिथेच फायनलला बंगळूर टॉर्पेडोजकडून सरळ सेटमध्ये हार. सगळी गावं परत एकदा वाच. मुंबईचं नाव लावलेले दोन संघ, चार हंगाम, आणि मुंबईत लीगची एकही मॅच नाही. लालबागच्या पोराने आपल्या शहराचा संघ कोर्टवर पाहायचा तर रेल्वेचं तिकीट काढायचं. खेळाडूंचा यात काही दोष नाही, २०२५ ला मीटिअर्स फार चांगले खेळले. पण पालापनिनीशिवाय मोडेना काय राहिलं असतं याचा विचार कर.

आणि आपली दुसरी अडचण नोकरीची. मुंबईतला चांगला खेळाडू विशी ओलांडली की रेल्वे, बँक, कस्टम्स असं कुठेतरी खेळाडू कोट्यातून लागतो. घर चालायला हवं, ते बरोबरच आहे. मीही माझ्या पोरांना फॉर्म भरून दिलेत. पण मग तो त्या खात्याचा खेळाडू होतो, मंडळाच्या कोर्टवर फक्त गणपतीत भेटतो. खात्याने भरती थांबवली की संघ बारगळतो. गिरण्यांच्या कबड्डी संघांचं काय झालं ते आमच्या वडिलांनी पाहिलं. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला, गिरण्या गेल्या, संघही गेले. मोडेनाचा संघसुद्धा कंपनीच्याच पोटी जन्मला होता. फरक एवढा की कंपनी निघाली तेव्हा शहराने तो उचलून धरला. तिकीट काढून येणारा प्रेक्षक, अँडर्लिनीसारखी शाळा आणि स्वतःची जागा हे तीन असल्यामुळे नवा प्रायोजक शोधता आला. आमच्या गिरण्यांच्या संघांकडे प्रेक्षक भरपूर होते, जागा मात्र गिरणीची होती.

इटलीचा विषय आहे तर जिमी जॉर्जचं नाव घेतल्याशिवाय थांबता येत नाही. केरळच्या पेरावूरचा, केरळ पोलिसांचा खेळाडू, एकविसाव्या वर्षी अर्जुन पुरस्कार. १९८२ पासून तो इटलीत खेळला, आधी त्रेव्हीझोला, शेवटी ब्रेशियाकडून. म्हणजे वेलास्कोचं मोडेना घडत होतं त्याच काळात आपला माणूस त्याच देशात स्मॅश मारत होता. १९८६ च्या सोल आशियाई स्पर्धेत भारताला ब्राँझ मिळालं, त्या संघात तो होता. ३० नोव्हेंबर १९८७ ला इटलीतच मोटार अपघातात तो गेला, वय बत्तीस. ब्रेशियाजवळच्या मोंतिक्यारी गावात इनडोअर स्टेडियमला त्याचं नाव आहे: पालाजॉर्ज. परक्या गावाने त्याला जागा दिली. आपल्या शहरात कुठल्या कोर्टला कुठल्या व्हॉलीबॉलपटूचं नाव आहे, ते तूच शोधून मला सांग.

आपल्या मंडळाचं कोर्ट गेल्या वर्षी अर्धं पार्किंगला गेलं हे तुला माहीत आहे. उरलेल्या अर्ध्यावर नेट तिरकं बांधून आम्ही सकाळी साडेसहाला दहा ते चौदा वर्षांची एकवीस पोरं शिकवतोय. त्यांच्यातल्या सात-आठ जणांचे पालक हल्ली कठड्यावर बसून बघतात, आणि एका आजींना आता बॉल डबल टच झाला की शिट्टीआधी कळतं. रविवारी डोंबिवलीहून पहिली फास्ट पकडून ये. दोन सेटर कमी आहेत, आणि लहान पोरांना बोटांनी बॉल कसा घ्यायचा हे दाखवायला मला माझ्या सांध्यांपेक्षा तुझे हात बरे पडतील. येताना चुना आण, इथला संपलाय.